उलट्या मोटारीची फाईल

लोखंडावर इतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या उत्तर हिंदुस्थानात दुसरा झाला नसेल. आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, खुर्चीवर बसण्याआधी ती गदागदा हलवून बघत. लग्नाला गेले की आधी वाकून स्टेजच्या खाली बघत, मग नवरा-नवरीकडे. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंखा लावायच्या आधी ते स्वतः छताच्या हुकाला लोंबकळले होते. मावशी खाली स्टूल धरून, "अहो, उतरा, शेजारी बघताहेत!" म्हणून रडकुंडीला आली. "उद्या तुझ्या डोक्यावर पडण्यापेक्षा आज माझ्यासकट पडू दे," वरून उत्तर आलं.

अशा माणसाने अख्खी मोटार हवेत टांगली, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. मोटार माझ्या आजोबांची. मावशी तीच चालवायला शिकली होती. आजोबा गेल्यावर पुण्यातल्या मामांनी ती भंगारात काढायचं ठरवलं. नव्या नव्या गाड्या रस्त्यावर येत होत्या, जुनं धूड कुणाला हवं होतं? मावशी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी काका पुण्याला गेले आणि मोटार ट्रकवर घालून गाझियाबादच्या एका शेडमध्ये घेऊन आले. "चालती करून देतो," ते मावशीला म्हणाले. मंत्रालयात उभी हयात घालवलेल्या माणसाने इतकं स्पष्ट वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

मी तेव्हा नोकरीसाठी पुण्याहून येऊन मावशीकडे राहत होते, त्यामुळे माझे सगळे रविवार त्या शेडमध्ये गेले. इंजिन, चाकं, दारं, सगळं काढून मोटारीचा नुसता सांगाडा उरला. त्याचा तळ गंजून चाळण झाला होता. तळ कापला की बॉडी मधेच खचणार आणि मग दारं जन्मात लागणार नाहीत, म्हणून काकांनी आधी दारांच्या चौकटींत तिरपे पाइप जोडून घेतले. मग पुढे एक आणि मागे एक असे दोन भक्कम लोखंडी खांब, आणि बंपरच्या जागी बोल्ट लावून त्यांच्यामध्ये मोटार गोल फिरवता येईल अशी टांगलेली. वजनाचा मध्य सापडेपर्यंत तीन रविवार ती बोटभर वर, बोटभर खाली चालली होती. चौथ्या रविवारी काकांनी एक बोट लावलं, आणि माझ्या आजोबांची एवढी अवजड मोटार हळूच कुशीवर वळली, मग पोट वर करून निजली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वेल्डिंगचे मिस्त्री हात जोडून उभे राहिले. मावशी मात्र म्हणाली, "अहो, माझ्या बाबांच्या गाडीचा कबाब केलात!"

आणि या सगळ्याची फाईल होती. खरीखुरी, लाल नाडी बांधलेली. 'प्रस्ताव : बॉडी डावीकडे नव्वद अंश फिरवणे.' खाली काकांची सही, त्याखाली माझी, 'सहमत'. माझ्या सहीशिवाय मोटार तसूभरही हलत नसे. फिरवून खिट्टी घातली की खाली पहिल्यांदा काका स्वतः शिरत, दुसऱ्या कुणाला शिरू देत नसत.

एका रविवारी मला मैत्रिणीबरोबर सरोजिनी नगरला कपडे घ्यायला जायचं होतं. काकांनी सकाळी सातलाच स्कूटर काढली. मी इतकी वैतागले, की शेडमध्ये पोचल्यावर फाईल ओढली आणि लिहिलं, 'असहमत'. बस्स, कारण नाही, काही नाही.

काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते नुसतं "अच्छा" म्हणाले आणि माझ्या हरकतीचा आधार शोधायला लागले. बॅटरी घेऊन, भिंग घेऊन, एकेका बोल्टजवळचा रंग खरवडत. मी बाहेर चहा पीत धुसफुसत होते. दोन तासांनी मिस्त्रींची हाक आली. मागच्या बोल्टाशेजारी, बॉडीच्या पत्र्यात, केसाएवढी चीर होती. "साहब, आज घुमाते तो सीधा नीचे आती," मिस्त्री म्हणाले. खाली कोण असणार होतं, हे सांगायची गरज नव्हती.

मोटार चालती झाली. दारं लागली. काका भेटेल त्याला सांगत, "हिच्या नजरेनं वाचवली." मी खाली मान घालून गप्प बसायची, आणि तो खोटेपणा मला पुढे कित्येक वर्षं डाचत राहिला. शेवटी काका आजारी असताना, मावशी औषध आणायला गेली होती तेव्हा, मी सांगून टाकलं. "काका, नजरबिजर काही नव्हती हो. मला सरोजिनीला जायचं होतं."

काका खोकला येईपर्यंत हसले. "अगं वेडे, मी कारण कुठे विचारलं होतं? त्या गाडीपायी मी काय वाटेल ते करून बसलो असतो. कुणीतरी नाही म्हणणारं हवं होतं. तुझी मावशी कशी म्हणेल? तिचा जीव होता त्या गाडीत."

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मावशी अजून रविवारी मोटार काढते, मी मागे बसते. मोठ्या चौकात वळताना ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून विचारते, "अहो, घेऊ ना?" आणि जराशी थांबून मग वळण घेते.