दुसऱ्यांच्या लेकींची अक्का

टिकलीवाली अक्का नाजूक गोष्ट कधी समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या चाळीत ती शेठकडून साड्या आणायची, त्यांवर टिकल्या चिकटवायची आणि दुपारी आम्हा पोरींना हाताशी घ्यायची. एकच साडी सगळ्यांच्या मांडीवर पसरलेली असे. "मान खाले ठेवा, हात चालू ठेवा अन् इचारा," ती म्हणायची.

मग आम्ही विचारायचो. पाळी का येते, मूल कसं राहतं, मुलानं हात धरला तर काय करायचं. कुणाचीच मान वर नसल्यामुळे लाज वाटत नसे. शाळेत बाईंनी तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. अक्कानं तो टिकल्या चिकटवता चिकटवता पुरा केला. "आंग तुनं शे," ती बजावायची. "नको वाटनं तं नही म्हन. तो कितला बी गोड बोलो." आमचा फार जीव होता तिच्यावर.

तिची लेक रेखा माझ्याच वयाची. ती मात्र त्या घोळक्यात कधी नसायची. आमच्या खानदेशात हे आई सांगत नाही. मावशी, काकू, वहिनी सांगते. सुरतेत रेखाला यातलं कुणीच नव्हतं. म्हणून अक्कानं माझ्या आईशी ठरवून टाकलं, "तुनी आंडेरले मी सांगसू, मनी आंडेरले तू सांग." आंडेर म्हणजे लेक. आई हो म्हणाली. पुढे अक्का आठवण करून द्यायची आणि आई म्हणायची, "सांगसू ना अक्का, घाई काय शे?" तिच्या तोंडून शब्दच फुटत नसे.

दिवाळीनंतर रेखाला दिवस गेले. कडोदऱ्याच्या कारखान्यातला कुणी मुलगा होता. तिला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा घाबरून तिनं कसलंसं औषध घेतलं. दवाखान्यात नेईपर्यंत रेखा गेली होती.

मला रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं. आम्ही साड्या घेऊन बसायचो, अक्काही बसायची, पण कुणी काही विचारत नव्हतं.

उन्हाळ्यात तिनं बिऱ्हाड हलवलं. सामान टेम्पोत चढल्यावर आई तिच्या पायांवर पडली. अक्कानं तिला उठवलं.

"तुना काय दोष, माय?" ती म्हणाली. "'माले बी बसू दे,' म्हने रेखा रोज. मीच तिले उठाडी दिधं."