वीतभर मोठं चाक

काकांनी लष्कराच्या लिलावातून जुनी जीप घेतली, तेव्हा तिचे चारही टायर गुळगुळीत झालेले होते. अमरावतीत ती तशीच फिरे. पण त्या वर्षी तिच्याकडून निराळं काम हवं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं होतं, आणि तिचं सासर अचलपूरकडे, पक्क्या सडकेपासून आत काळ्या मातीतल्या गावी. बैलगाडीचे गचके नकोत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "तिला धक्का लागू देणार नाही," असा शब्द मी आईला दिला आणि त्या दिवसापासून जीपची चाकं माझ्या डोक्यात फिरू लागली.

एक चाक गंजून पार कुजलं होतं. मी ते उतरवून पुठ्ठ्यावर ठेवलं, त्याची बोल्टची पाचही भोकं पेन्सिलीनं उतरवून घेतली आणि तो पुठ्ठा काखेत मारून काकांबरोबर अकोल्याला गेलो. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका बोळात जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. तिथल्या एका चाकाला पुठ्ठा लावून पाहिला. भोकं नेमकी जुळली. ती जुळल्यावर आता सगळंच जुळलं, असं मला का वाटलं कोण जाणे.

टायर मात्र आमच्या मापाचे दोनच होते. उरलेले दोन अंगानं थोराड.

"चाकावर तं चारी चढतीन," दुकानदार म्हणाला. "गाडीचं तुमी पाहा."

काका खूश झाले. "हे मोठे मांगं लावू. टॅक्टरचं नाई पाह्यलं का? मांगचं चाक मोठंच रायते."

"पण काका, ट्रॅक्टर तसा बनवलेलाच असतो..."

"अन वजन कोठी बसते? मांगंच ना? मंग?"

ओझं मागे, म्हणून मागचं चाक मोठं. शेतकऱ्याच्या घरात हे पटण्यासारखंच होतं. मी पुढे वाद न घालता टायर उचलू लागलो.

टायर चढवले. मागच्या टायरच्या आणि मडगार्डच्या मध्ये जेमतेम दोन बोटं शिरत होती. मला राहवेना. मी पुढच्या आणि मागच्या टायरवर चुन्याची रेघ ओढली, खाली अंगणात खूण केली आणि काकांना गाडी हळूच पुढे घ्यायला लावली. पुढच्या चाकाचा एक फेरा जिथे संपला, त्याहून मागच्या चाकाचा फेरा वीतभर लांब गेला.

"वीतभरानं काय होते बे?" काकांनी विचारलं.

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. गाडी तर एकच. मग दर फेऱ्याला ही वीत जाते कुठे?

हस्त बरसून गेल्यावर आम्ही बहिणीला आणायला निघालो. सडक सोडताच काकांनी दांडा ओढून पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर दिला. गाडी चिखलातून बरी गेली. फक्त मडगार्डखाली माती गच्च बसे, ती मी खुरप्यानं काढत होतो. परतताना बहीण पुढे बसली, मांडीवर गोधडी आणि दोन्ही हात पोटावर.

सडकेला लागलो आणि गाडी कण्हू लागली. एक हिसका बसला. बहिणीनं ओठ दाबले. पुढच्या चाकांचा जोर काढायला काकांनी गाडी थांबवून दांडा ढकलला. तो जागचा हलेना. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा हिसका.

"माझंच चुकलं," मी म्हणालो. "तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"तुहं चुकणं घरी गेल्यावर मोजू," काका घाम पुसत म्हणाले. "आता काय करतं ते सांग."

मी खाली उतरून चाकं पाहत राहिलो. चुन्याची रेघ चिखलानं पुसली होती, पण ती वीत मला दिसली. दांड्यानं पुढच्या-मागच्या चाकांना सारखेच फेरे घ्यायला बांधलं होतं. चिखलात चाकं घसरून ती वीत सोडून देत होती. कडक सडकेवर ती सुटणार कशी? फेऱ्याफेऱ्याला आत साठत होती, पिळलेल्या सुंभासारखी. मग पीळ उलटा फिरवला तर?

"काका, मागे घ्या. सरळ मागे."

काकांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली. मागं पडलेलं गाव पुन्हा जवळ येऊ लागलं.

"काका," बहीण म्हणाली, "मले वापस सासरी नेऊन राहिले का तुमी?"

काका हसले, हसता हसता त्यांनी दांडा ढकलला आणि तो खट्‌दिशी सुटला. त्यानंतर गाडी अमरावतीपर्यंत मुकाट चालली. मी मात्र वाटभर प्रत्येक खड्ड्याला बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं आधी मलाच विचारलं, "धक्का नाई ना लागला तिले?"

हिसके, थोराड टायर, दुकानात गप्प बसणं, सगळं एका दमात सांगायला मी तोंड उघडलं.

"आदी मले उतरव दादा," बहीण मध्येच म्हणाली, "मंग सांगजो तुह्या चाकाचं."

मी हात दिला. ती जड पावलानं उतरली आणि क्षणभर त्या मोठ्या मागच्या चाकाला टेकून उभी राहिली. आईनं तिच्यावरून तुकडा ओवाळला. काकांनी पुढे होऊन त्यातलाच कुटका मोडला आणि चाकावरूनही ओवाळून टाकला.