तात्यांनी वाटलेली पत्रिका

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये मी घर सोडलं. त्या सकाळी अंथुर्ण्याच्या फाट्यावर तात्यांनी माझी पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाले, "जड हाय. ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेत जा. एकाच अंगावर वजन टाकू नगं." दुसऱ्यांचे वडील पोराला पत्र टाकायला सांगतात, माझ्या वडिलांनी खांदे सांभाळायला सांगितलं. आईने शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली आणि बजावलं, "टपरीवर च्या पिऊन जेवान मोडायचं न्हाय." बारामतीची एसटी आली. मी खिडकीत बसलो. तात्यांनी गजांमधून उजवा हात आत घातला आणि माझ्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला. तो हात थरथरत होता. ते रडणं नव्हतं, आजार होता. हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या थरथरण्यावरूनच झालं.

हे मी आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय. अंथुर्णे, पिंपळी, कन्हेरीकडे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे पिशवी उचलून पुण्याकडे गेलेल्यांसाठीही. काहींना यातलं निम्मं माहीत आहे. ते निम्मंच माहीत असणं मला जास्त त्रास देतं.

माझे वडील शलमोन कालव्यावर पाटकरी होते. पाटाच्या कडेने रोज मैलोन्मैल चालायचं, कुणाची पाळी आहे ते बघून दार उघडायचं, पाळी संपली की बंद करायचं. गावात ख्रिस्ती घरं तीन. आमच्या घरात बायबल सोडलं तर पुस्तकं नव्हती, धर्मप्रचाराच्या पत्रिका होत्या. चार पानांच्या, पातळ रंगीत कागदाच्या, शेवटच्या पानावर प्रभूला स्वीकारल्याची शपथ आणि सहीसाठी टिंबांची ओळ असलेल्या. मी अंकलिपीवर वाचायला शिकलो नाही, त्या पत्रिकांवर शिकलो. आमच्या घरात पत्रिका चुलीत गेली नाही की तिच्यात कधी कुणी भजी बांधली नाहीत. तात्या म्हणायचे, "छापायच्या आधी धा मानसं वाचत्यात. खोटं आसंल तर एकाला तरी कळंलच की." बाजाराच्या दिवशी ते खांद्याला पिशवी लावून इंदापूरला जायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हातात पत्रिका द्यायचे. कुणी हसायचं, कुणी घ्यायचं. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "कशाची जाहिरात हाय?" तात्या म्हणाले, "फुकटची हाय आबा, घ्या."

माझा जन्म होण्याआधी अशीच एक पत्रिका त्यांच्या हाती आली होती. शरीर हे देवाचं मंदिर आहे, एवढाच तिचा विषय. मंडळीत ती सगळ्यांनी वाचली आणि बायबलात ठेवून दिली. तात्यांनी त्याच दिवशी तंबाखूची पिशवी पाटात सोडली आणि दुसऱ्या दिवसापासून पाटाच्या कडेला व्यायामाच्या बैठका सुरू केल्या. "मंदिर म्हनलं की झाडलोट आली," ते म्हणायचे. "ती रोजची रोज करायची, सनासुदीला न्हवं."

बैठका ते आकड्यांनी मोजत नसत. बायबलातली स्तोत्रं म्हणत, एका वचनाला एक बैठक. ताप असला तर एकशे सतरावं, कारण ते दोनच वचनांचं. रविवारी एकशे एकोणिसावं, एकशे शहात्तर वचनं. त्या दिवशी आई म्हणायची, "आज देवाला जरा आखूड बोलायला सांगा, कालवण निवतंय."

शेजारचे भिवाअण्णा तालमीचे वस्ताद. त्यांच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस. पाटावरून जाताना ते ओरडून विचारायचे, "शलमोनराव, आज कितवं?"

"सदतिसावं."

"म्हंजी चाळीस बैठका. आमचा मारुती बरा, मोजाया बसत न्हाय."

"तुमच्या मारुतीला उडायचं आसतंय अण्णा. मला पाटानं चालायचं हाय."

त्र्याण्णव साली तात्यांचा उजवा हात हलू लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा कंपवात आहे, मज्जातंतूंचा आजार, जाणार नाही. पण तुम्ही चालता, बैठका मारता, ते सोडू नका, त्याने हा आटोक्यात राहील. तात्यांना फार बरं वाटलं. डॉक्टरनेही झाडलोटच सांगितली, म्हणाले.

पुण्यात मला चिकटवलं ते आमच्या पाळकसाहेबांनी. वीस वर्षं ते महिन्यातून एकदा बारामतीहून आमच्याकडे उपासनेला यायचे आणि आमच्याच घरी जेवायचे. पत्रिका काढणाऱ्या एका संस्थेत त्यांची ओळख होती. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, तिच्यासारखं कुणाला कागदावर बदनाम करायची मला इच्छा नाही. ज्या कागदांवर मी वाचायला शिकलो ते जिथे तयार होतात तिथे मी नोकरीला लागलो. पहिला महिनाभर मी तिथे चप्पल बाहेर काढून जात होतो. सगळे हसायचे.

पुण्याच्या मंडळीत आरोग्य म्हणजे वेगळीच गोष्ट होती. फेलोशिपच्या प्रार्थनासभेला ट्रॅकसूट घालून येणारी माणसं स्कूटरवरून उतरून खुर्चीवर बसायची, कोलेस्ट्रॉलवर स्लाइड बघायची आणि शेवटी केक खायची. डाएट, जॉगिंग, फिटनेस हे शब्द मी तिथे शिकलो. वाईट नव्हते ते शब्द. मी टेकडीवर पळायला जायचो आणि मनात म्हणायचो, तात्या हे सगळं पाटाच्या कडेला करतात, त्यांना फक्त नावं माहीत नाहीत.

म्हणून संस्थेतल्या संपादक सरांनी आरोग्य आणि विश्वास यांवर नवी पत्रिका काढायचं ठरवलं, तेव्हा मी तात्यांवर दोन पानं लिहिली. पाटात सोडलेली तंबाखू, वचनागणिक बैठक, हलणारा हात, डॉक्टरांचं बोलणं. सरांनी वाचून पाठ थोपटली. मी घरी आंतरदेशीय पत्र टाकलं, "माझं लिखाण छापून येतंय. पहिला गठ्ठा तुमच्याकडेच पाठवायला सांगितलाय. बाजारात वाटा." हे मी केलं. कुणी मला भाग पाडलं नव्हतं.

छपाईच्या दिवसांत मला तरुणांच्या शिबिरात कसरती शिकवायला दहा दिवस पाठवलं होतं. परत आलो तेव्हा गठ्ठे निघून गेले होते. उरलेली एक प्रत घेऊन मी जिन्यात वाचायला बसलो.

त्यात इंदापूर तालुक्यातल्या, अंथुर्ण्याजवळच्या एका ख्रिस्ती पाटकऱ्याची गोष्ट होती. तो दारूत बुडालेला होता. कामावर पिऊन जायचा. पिऊन पिऊन त्याचा उजवा हात थरथरू लागला. मग त्याच्या मुलाने प्रार्थना केली, त्याला पहाटे उठवून व्यायाम शिकवला, आणि तो सुधारला. हात मात्र पापाची खूण म्हणून थरथरतच राहिला. खाली लिहिणारा म्हणून माझं नाव होतं.

मी सरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी शांतपणे चष्मा काढला.

"तुझं लिखाण चांगलं होतं रे. पण त्यात पाप कुठे होतं? माणूस आधी पडलेला दिसला नाही, तर उठलेला कसा दिसणार?"

"ते कधी पडलेच नाहीत, सर."

"मग ती देवाने माणूस बदलल्याची साक्ष होत नाही. आणि नाव बदललंय आम्ही. शलमोनचा शिमोन केलाय."

"त्या भागात दुसरा ख्रिस्ती पाटकरी नाही."

"हे वाचून चार माणसांनी दारू सोडली तर तुझ्या वडिलांचं काय गेलं?"

काय गेलं ते मी दुसऱ्या दिवशी गावी जाऊन पाहिलं.

वाटताना तात्यांनी पत्रिका वाचलीच नव्हती. पोराने लिहिलंय म्हटल्यावर वाचायची काय गरज? गठ्ठा आला त्याच आठवड्यात ते इंदापूरच्या बाजारात गेले आणि सबंध गठ्ठा वाटून आले. देताना सांगत होते, "माझ्या पोरानं लिवलंय." थरथरत्या हाताने त्यांनी शेकडो माणसांना तो कागद दिला, ज्यात लिहिलं होतं की हा हात दारूने थरथरतो.

मला गावात पहिले भेटले ते भिवाअण्णा. त्यांच्या हातात पत्रिका होती. "तू लिवलंस ह्ये?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली तशी ते म्हणाले, "मंग नाव का घातलंस खाली? शिकलास म्हनायचं. आमच्या तालमीतलं आडानी पोरगं बापाला असं चितपट करत न्हाय."

तात्या ओट्यावर बसले होते, आता पत्रिका वाचून झालेली. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "असंच लिवलं व्हतंस का?"

"न्हाय, तात्या."

"मंग छापताना काय तरी चुकलं आसंल." मग त्यांनाच आठवलं, "पन हिकडं येनारं सगळं पाळकसाब आधी वाचत्यात, मंगच पुढं धाडत्यात."

 ही छपाईची चूक नव्हती, हे त्यांच्याच तोंडून आलं होतं.

गावाने त्या कागदावर विश्वास ठेवला नाही. गाव त्यांना ओळखत होतं. पण पाटावर काही माणसं अशी होती ज्यांना तात्यांनी पाळीबाहेर पाणी दिलं नव्हतं. त्यांनी अर्ज केला की पाटकरी कामावर पिऊन असतो, आणि अर्जाला पत्रिका जोडली. तात्यांना पाटबंधारे खात्याच्या वरच्या ऑफिसात बोलावलं. मी सोबत गेलो. साहेब वाईट नव्हते. त्यांनी हलणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"मी पीत न्हाय साहेब," तात्या म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात. हे तुमच्याच लोकांनी छापलंय ना? तुम्हीच वाटलंय ना?"

"व्हय."

"मग ज्यांनी छापलं त्यांच्याकडून लिहून आणा की हे खोटं आहे. मी अर्ज फाडून टाकतो."

एक पत्र. तीन ओळींचं. एवढंच हवं होतं. मी पुण्याला जाऊन सरांकडे मागितलं. ते म्हणाले, एक साक्ष खोटी असं लिहून दिलं तर लोक बाकीच्यांवर कसा विश्वास ठेवतील? मी विचारलं, बाकीच्या खऱ्या आहेत का? त्यांनी मला दुपारी पाणी आणून दिलं, बसायला सांगितलं, पत्र दिलं नाही. मी त्याच दिवशी नोकरी सोडली.

मग बारामतीला पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी आपल्या रीतीने मला "सलाम" केला आणि म्हणाले, "मी वाचलं होतं, बाळ. मला वाटलं, उदाहरण म्हणून घेतलंय."

"तुम्ही वीस वर्षं त्यांच्या पंगतीला जेवलात. एवढंच लिहून द्या."

"संस्थेच्या विरोधात मी कसं लिहू? आणि हे बघ, प्रभूलासुद्धा लोकांनी खादाड आणि दारूबाज म्हटलं होतं. तात्यांना सांग, ते चांगल्या संगतीत आहेत."

मी म्हणालो, "तो आळ शत्रूंनी घेतला होता, पाळकसाहेब. शिष्यांनी नव्हे."

ते माझ्यासाठी प्रार्थना करायला लागले. डोळे मिटलेले असतानाच मी निघून आलो. तुमच्यापैकी काहींना माझं तेवढं निघून जाणंच आठवतं.

लिहून दिलं ते भिवाअण्णांनी. तालमीतल्या पोरांच्या आणि पाटाकडेच्या शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन ते ऑफिसात गेले. "ह्यो मानूस पीत न्हाय. आमी मारुतीला हात लावून सांगतो," म्हणाले. आपल्या मंडळीतल्या एकाचीही सही त्यावर नव्हती. कुणी म्हणालं पाळकसाहेबांना वाईट वाटेल, कुणी म्हणालं आपला देवाच्या कामात अडथळा नको. साहेबांनी तो कागद फाइलला लावला, पण बिगरख्रिस्ती लोकांचं लिहिणं आणि ख्रिस्ती लोकांचं छापणं यांत त्यांना छापणं जड वाटलं. तात्यांची नोकरी गेली नाही. पाट गेला. त्यांना ऑफिसच्या दारात स्टुलावर बसायला दिलं.

रोज चालणारा माणूस स्टुलावर बसला. पहिल्या वर्षात मान वाकली, दुसऱ्या वर्षात पाय अडखळू लागले. पाटाच्या कडेच्या बैठका त्यांनी आपणहून बंद केल्या. म्हणाले, "लोकं बघत्यात. हालताना बघितलं की त्यास्नी कागद आठवतो." आरोग्यावरच्या पत्रिकेने आमच्या भागातल्या, शरीराची सगळ्यात जास्त निगा राखणाऱ्या माणसाचं हे केलं. मी आपल्या माणसांखेरीज कुणावर रागावत नाही. अर्ज करणाऱ्यांना पाणी हवं होतं, त्यांनी कधी आमच्या घरी येऊन सत्यावर प्रवचन दिलं नव्हतं.

मी आता पुण्यात एका शाळेत व्यायाम शिकवतो. पोरांना तंबाखूबद्दल, मिश्रीबद्दल, दारूबद्दल सांगतो आणि त्यांना कुठलीही गोष्ट रंगवून सांगत नाही. विश्वास सोडला नाही. तो मला संस्थेने दिला नव्हता. पण उपासनेत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की मी बाहेर जाऊन उभा राहतो. तात्या मात्र अजून आत बसतात. मागच्या खेपेला मी चिडून विचारलं, अजून तिथे का जाता? ते म्हणाले, "देऊळ माझं हाय. झाडनारा कामचुकार निघाला म्हनून देऊळ सोडायचं व्हय?" मला ते पटलं नाही. 

ज्यांनी घर सोडलंय ते विचारतात, गावी कधी परत जाणार. गाव आहे तिथेच आहे, फाटा आहे, भिवाअण्णा आहेत. पण मी बारामतीला उतरलो की एखादा अनोळखी माणूस विचारतो, कुणाचा रे तू, आणि मी वडिलांचं नाव सांगितलं की क्षणभर माझ्याकडे बघत राहतो. मग मला ते सांगावं लागतं, जे तीन ओळींत लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. माझे वडील शलमोन पाटकरी दारू पीत नाहीत. कधी प्यायले नाहीत. त्यांचा हात आजाराने हलतो.

जिथे हे सांगावं लागत नव्हतं, ते माझं घर होतं.