बारादरीचं कोरं छत

"डोळे मिटा रे," असं म्हणून इतिहासाच्या बाई आधी स्वतःचे डोळे मिटायच्या. तेवढ्यात मागच्या बाकांवर डब्यातली केळी इकडून तिकडे जायची. बाईंना वाटायचं, वर्ग मोगलांच्या काळात पोचला. निम्मा खरंच पोचलेला असायचा; उरलेला जेवत असायचा.

तापीवरच्या राजघाटाच्या वरच्या अंगाला एक पडकी, बारा कमानींची बारादरी आहे. खांब शाबूत, छत पार गेलेलं. बाई तिथं आम्हाला उभं करायच्या आणि नुसत्या शब्दांनी छत चढवायच्या. "निळं, बेटा. तापीवर संध्याकाळ उतरते ना, तसं निळं." बुऱ्हाणपूरचे कितीतरी वर्ग त्या निळ्याखाली उभे राहिले. पुढे मी संग्रहालयात पाहुण्यांना गाव दाखवायचं काम धरलं आणि त्या निळ्यावर पदरचे सोन्याचे तारेही जडवले. स्वभावच तसा, काय करता!

आमच्यातल्या एकानं दापोऱ्याला घर बांधलं, तर बैठकीचं छत निळं रंगवलं आणि बाईंना जेवायला बोलावलं.

"बाई, वर तर बघा!"

"बघितलं रे."

बाई ताटातून मान वर करीनात. आम्ही म्हणालो, किती हा विनय!

मग संग्रहालयात ते डोळ्यांना बांधायचे व्हीआरचे चष्मे आले. चष्मा लावला की पडकी बारादरी उभी राहते. मान वळवाल तिकडे कमानी, खाली वाहती तापी. त्यात आवाज बाईंचाच हवा, असा मी हट्ट धरला. निवृत्त बाई कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या. चष्मा चढवला, वर पाहिलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"लाल?"

चित्रं करणारा इंदूरचा तरुण म्हणाला, "अंदाज से लगाया है, मॅडम. पुरावा तर काहीच नाही मिळाला. पण छत रिकामं थोडी ना सोडता येतं?"

"बाई, तुमचं निळं पळवलं यांनी!" मी मजेत म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. चष्मा उतरवून मांडीवर ठेवला.

"माझं निळंही अंदाजाचंच होतं रे. नवी नोकरी होती. एका पोरीनं विचारलं, रंग कोणता? ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. निळं म्हणून गेले. मग दरवर्षी तेच सांगत राहिले. त्या दिवशी दापोऱ्याला म्हणून वर बघवेना मला."

मला माझे सोन्याचे तारे आठवले.

"छत कोरं ठेव, बेटा," बाई त्या तरुणाला म्हणाल्या. "नाहीतर माझा आवाज घेऊ नको."

"बच्चे हसतील, मॅडम."

"हसू देत. मी आहे ना सांगायला."

तो बराच कुरकुरला. शेवटी त्यानं लाल पुसलं.

आता बाई नाहीत. शाहपूरच्या शाळेची पोरं येतात, चष्मे लावतात, वर बघतात आणि हमखास ओरडतात, "सर, यातलं छत बिगडलंय!" मी गप्प राहतो. मला ते किती जड जातं, हे एव्हाना तुम्ही ओळखलंच असेल. ओठांवर बोट ठेवून मी नुसता थांबतो. पोरांच्या कानात बाई घसा साफ करतात.

"डोळे उघडे ठेवा रे," त्या म्हणतात. "इथला रंग कोणता होता, मला ठाऊक नाही."