हाव म्हटलं की पाय वर

शांतक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं बसू नये, असं माझी सून म्हणते. पण ही खोड फार जुनी आहे, आणि ती शांतक्काच्या नजरेला पडली नसती तर माझं काय झालं असतं, कोण जाणे.

अठ्ठेचाळीस साली, हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आम्ही आमच्या निंबर्ग्याबाहेर ज्वारीत लपलो होतो. मी तेव्हा अगदीच लहान. रस्त्यानं माणसांचा आवाज आला की आई माझ्या तोंडावर हात दाबून कानात म्हणायची, ‘तोंड उघडलीस तर समदे मरताव.’ एकदा ती नुसतं ‘हाव!’ म्हणाली. आई कन्नड घरातली. हाव म्हणजे साप. मी पाय पोटाशी घेतले, तो सरसरत निघून गेला, आणि मी ओरडले नाही. पुढं सगळं निवलं, आम्ही घरी आलो... मी मात्र बोलायची थांबले ती थांबलेच. सगळे मरतील ना! ‘कामून बोलंनास गं?’ म्हणून आई रडायची. बोलू नको म्हणणारीही तीच होती, मग खरं कुठलं मानायचं?

शाळेत शांतक्का नवी मास्तरीण. कमठाण्याची, लवंगी मिरची. आईला दटावायची, ‘सारखं तिच्या तोंडाकडं बघू नका, आणखी भेती ती.’ स्वतः माझ्याकडं पाठ करून फळा पुसत प्रश्न विचारायची. मी गप्पच, पण ऐकायची सगळं. ज्वारीतल्या हावाची आणि माझ्या पायांची गोष्ट तिनं आईकडून काढून घेतली होती. अशात तपासणीला साहेब आले. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्हींत विचारून झालं, चित्रं दाखवून झाली, खडीसाखर झाली. मी ढिम्म. मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेत, हैदराबादेला मला ठेवायचं ठरू लागलं. माझ्यासमोरच! बोलले नाही तर आई तुटणार, बोलले तर आई मरणार... साहेब शिपायाकडं वळून दखनीत म्हणाले, ‘बच्ची सुनतीच नै. हौ, भेज देंगे. हौ, हौ.’ त्यांचं हौ म्हणजे होय. मी चटकन दोन्ही पाय पोटाशी ओढले.

‘थांबा साहेब!’ शांतक्का ओरडलीच. ‘पाय बघा पोरीचे! तुम्ही हौ म्हणलाव, तिला हाव ऐकू आला. साप! तिला समदं कळायलंय. भ्यालीय ती, मुकी न्हाई.’

साहेब भला माणूस. आधी खरंच साप नाही ना, म्हणून त्यांनी स्वतःच टेबलाखाली वाकून पाहिलं, मग हसले, आणि हैदराबाद टळलं.

पुढं कधीतरी शांतक्कानं फळा पुसता पुसता सहज विचारलं, ‘शेतातला हाव केवढा होता गं?’ ‘मोठ्ठा,’ मी म्हणाले. आणि शब्द तोंडातून निसटताच घराकडं धूम ठोकली. आई भाकरी थापत होती. जिवंत होती. मी तिला हात लावून पाहिलं.

शेवटची भेट गुलबर्ग्याच्या दवाखान्यात झाली. अर्धांगानं शांतक्काची वाचा गेली होती. डॉक्टर तोंडाजवळ वाकून मोठ्यानं विचारत होते, ‘आजी, नाव सांगा.’ ती छताकडं बघत राहिली. ‘अव्वाला आता काहीच कळंना,’ लेक म्हणाला, आणि तिच्या उशाशी उभा राहूनच तिला कुठं ठेवायचं ते बोलू लागला. ती आत असेल तर? सगळं ऐकत असेल तर? मी तिच्याकडं पाठ केली, खिडकीची काच पदरानं पुसत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘अक्का, हाव.’

वळून पाहिलं. चादरीखाली तिचा डावा पाय पोटाकडं सरकत होता.

‘पाय बघ तिचा,’ मी लेकाला म्हणाले. त्यानं चादर बाजूला केली. मग कितीतरी वेळ आईच्या पायावर हात ठेवून रडत होता.

फोन ठेवला तशी सून म्हणाली, ‘आत्या, पाय खाली सोडा, मुंग्या येतील.’ येऊ देत. मला पाय खाली सोडवत नाहीत.