टक्कर दाखवणारी वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी वर्गात वह्या तपासत होते. "मीना, सुनंदा गेली," एवढंच तो बोलला आणि मी, का कोण जाणे, उठून वर्गाच्या खिडक्या लावायला लागले. मुलं अजून बाकांवर बसलेली होती... त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा टाकते, अंगणात येते, अंगणातून पुन्हा आत जाते. ही सवय खरं तर सुनंदावहिनीची.

दादा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, म्हणून लग्नानंतर वहिनी पुण्याकडची नोकरी सोडून इथे आली. तिकडे ती वाहनांची सुरक्षितता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिथे रुळांवर एक गाडा असायचा. त्याच्यावर फक्त सीट, पट्टा आणि माणसाएवढा पुतळा. गाड्याला जोरात झटका द्यायचा आणि पुतळ्याच्या मानेला, छातीला काय झालं ते मोजायचं. अख्खी मोटार न मोडता अपघात करून बघायचा, असं ती आईला समजावून सांगायची. आईने विचारलं होतं, त्या पुतळ्यांना नावं असतात का गं? वहिनी म्हणाली, असतात, पण सांगणार नाही. आम्ही पुष्कळ हसलो होतो.

इथे आल्यावर मात्र तिला चैन पडेना. पोलादपूरला निघालो की तिचं सगळं लक्ष भाडं घेऊन माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपगाड्यांकडे. पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलेल्या बायका, मांडीवर तान्ही मुलं. शेवटी तिने महाडच्या एका वेल्डरकडून स्वतःचंच यंत्र बनवून घेतलं. उतरते रूळ, त्यावर जुन्या जीपची सीट, पट्टा आणि खाली थांबायला रबराचा ठोकळा. वेग पळत्या माणसाएवढाच, पण थांबताना असा हिसका बसायचा की दात वाजत. टेम्पोत घालून ती ते बाजाराच्या दिवशी घेऊन जायची. लोक त्याला घसरगुंडी म्हणत आणि हसत हसत बसत.

पोलादपूरच्या बाजारातला तो दिवस मी विसरू शकत नाही. वरच्या वाडीतली पार्वती नावाची एक तरुण बाई, कडेवर काही महिन्यांचा मुलगा, गर्दीत उभी होती. वहिनीने तिला विचारलं, गाडीत बाळाला कसं धरतेस? ती म्हणाली, "घट्ट धरते. मी काय सोडतेय त्याला? आय हाय मी त्याची." वहिनीने बाळ माझ्याकडे दिलं, तिला सीटवर बसवून तेवढ्याच वजनाची तांदळाची पिशवी तिच्या हातात ठेवली, पट्टा लावला आणि गाडा सोडला. खाली आदळताच पिशवी पार्वतीच्या हातांतून उडून समोर रस्त्यावर पडली, फुटली. पार्वती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. वहिनीच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान होतं, कुणालातरी कळलं याचं. मग पार्वतीने मान वर केली.

"आता घरी कशी जाऊ गो ताय? गाडी तर तीच हाय."

पार्वती आली होती त्याच वडापच्या जीपमध्ये बाळाला मांडीवर घेऊन बसली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत वहिनी तिथेच उभी होती.

त्यानंतर बरेच दिवस यंत्र बाहेर निघालं नाही. वहिनी घरात येरझाऱ्या घालायची. जेवताना मध्येच उठायची. नुसती भीती घालून मी मोकळी झाले, असं म्हणायची. मग ती त्या जीपच्या मालकाच्या, गणपतच्या, मागे लागली. मधल्या सीटला पट्टे लाव म्हणून. तो म्हणाला, पट्टे लावले तर माणसं कमी बसतील, राहिलेल्यांना तुम्ही नेणार काय? त्याचंही खोटं नव्हतं. पण वहिनी दर बाजाराला जाऊन उभी राहायची, आणि अखेर कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, त्याने पट्टे लावले. वहिनीने तान्ह्या मुलासाठी वेगळी सीट आणून त्याच्या गाडीत बसवली. कधी तीत मूल असे, कधी कोंबड्यांची पाटी. पाटी बघून ती चिडेल असं मला वाटलं होतं, पण तिने पाटीलाही पट्टा नीट लावला.

मग पोटाचं दुखणं निघालं आणि ती भराभर खंगत गेली...

दहाव्याला पार्वती आली. मुलगा आता चालायला लागलाय. ती भिंतीला टेकून बसली आणि मला हळूच म्हणाली, "ताईंनी दाखवलं नसतं तर बरं झालं असतं, असं लय दिवस वाटायचं."

"आणि आता?"

"आता बी वाटतं कधी कधी. दुसऱ्या गाडीत बसायची पाळी आली का जीव खालीवर होतो." मुलगा उठून दाराकडे निघाला, तशी तिने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

मागच्या आठवड्यात दादाबरोबर त्याच्या गाडीतून पोलादपूरला गेले. मी पुढे, त्याच्या शेजारी. वळणावर अचानक शेळ्या आडव्या आल्या आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. त्याच क्षणी त्याचा डावा हात माझ्यासमोर आडवा झाला. मी पट्टा लावलेला होता. शेळ्या गेल्या, मागून एक म्हातारा काठी हलवत गेला, तरी त्याचा हात तसाच.

"हिला फार राग यायचा याचा," दादा म्हणाला. "हात म्हणजे काय पट्टा आहे का, म्हणायची. दर वेळी ढकलून द्यायची."

मी त्याचा हात ढकलला नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा त्यानेच तो उचलून गिअरवर ठेवला.