रूथमावशींची पंगत

वारंगा फाट्यावर कळमनुरीच्या बसची वाट बघत उभी होते, तेव्हा योसेफचा फोन आला. "ताई, रूथमावशी गेल्या…" पुढं त्याला बोलवेना. मग त्याच्या थोरल्या भावानं, पौलदादांनी फोन घेतला आणि दफनविधीची वेळ सांगितली. बस आली, निघूनही गेली. मी तशीच उभी. हे दोघे भाऊ मावशींच्या उशाशी एकत्र बसले होते… मावशींनी आयुष्यभर काय केलं, ते याहून वेगळं मला सांगता यायचं नाही.

कळमनुरीची आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पत्र्याचं प्रार्थनामंदिर, रविवारी जमणारी मोजकी घरं. उपासना संपली की जो तो चपला शोधायचा. मावशी शेजारच्याच खोलीत राहून शिवणकाम करायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. एकदा त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "एकाच देवाला बाप म्हणून राहिलो आमी, अन् एकमेकांच्या चुलीवर काय शिजतं ते ठाऊक न्हाई. हे कसलं घर?" तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी प्रीतिभोजन सुरू झालं. चटया अंथरायच्या, घरून आणलेले डबे मधे ठेवायचे. नियम एकच, आपला डबा आपण खायचा नाही.

पौलदादा आणि योसेफ या पंगतीतही दोन टोकांना बसत. त्यांची आई वारली तेव्हा योसेफ कामासाठी हट्टा गावी राहायचा. दादांचा निरोप उशिरा पोचला; तो धावत आला तोवर माती झाली होती. आईला मूठभर माती देता आली नाही, हे त्याच्या मनातून जाईना. त्यानंतर दोघांत बोलणं नव्हतं.

कापणीच्या सणाला भाताचं मोठं पातेलं चुलीवर होतं. मावशींनी दोघांना हाक मारली. "पातेलं उतरवा."

"दुसऱ्या कुणाला सांगा, मावशी," योसेफ म्हणाला.

"काहून? भात करपून राहिला, अन् तुला मान पायजे व्हय?"

दोघांनी कडा धरल्या. वाफेनं योसेफचा हात पोळला. "भाजलं का रे?" दादांच्या तोंडून निघून गेलं. योसेफ न जेवताच निघून गेला. सगळ्या सणावर विरजण पडलं. संध्याकाळी मावशी स्वतः त्याच्या घरी डबा घेऊन गेल्या. काय म्हणाला, असं मी नंतर विचारलं. "काई न्हाई. भुकेला होता, जेवला."

पुढच्या प्रीतिभोजनाला योसेफनं तो डबा परत आणला, तिळाची चटणी भरून, आईच्या पद्धतीची. मावशींनी ती सरळ दादांच्या ताटात वाढली. दादांनी एक घास खाल्ला. मग ताट उचलून भावाशेजारी जाऊन बसले.

"घाबरलो होतो रे. आई गेली अन् मला काईच सुचलं न्हाई."

"रातभर तरी थांबायचं होतं, दादा…"

दोघंही रडत होते. मावशी लेकरांना ताक वाढत राहिल्या, जणू तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

शेवटची काही वर्षं गुडघ्यांमुळं त्यांना खाली बसवेना. दाराजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकून तिथून त्या सगळ्यांची ताटं न्याहाळत. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या पंगतीला, परवाच्या रविवारी, ती रिकामीच होती. सरकारी दवाखान्यात बदलून आलेली एक नर्स पहिल्यांदाच आली आणि नकळत त्याच खुर्चीवर बसली. सगळी पंगत वळून तिच्याकडं बघायला लागली. बिचारी गोंधळून उठायला लागली…

पौलदादा ताट घेऊन तिच्यापाशी गेले. "बस लेकरा," ते म्हणाले, "तिथंच बस. तुला काय वाढू?"